पाच महिने आणि सतरा वर्षं

कोल्हापूरहून निपाणी चाळीसेक किलोमीटर. शिवाजी पेठेतून निघून हायवेला लागलं, कागल मागं टाकलं, दूधगंगा ओलांडली की कोगनोळीचा टोलनाका येतो आणि पाट्या कन्नड व्हायला लागतात. सीमा म्हणून डोळ्यांना दिसतं ते एवढंच. शेतात तर तेवढंही नाही. ऊस तोच, माती तीच, बांधावर चालणारी मराठीही तीच.

आता त्या दोन शेतांचे उतारे शेजारीशेजारी ठेवा. अलीकडचा सातबारा मराठीत, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. पलीकडची पहाणी कन्नडमध्ये, क्षेत्र एकर, गुंठे आणि आण्यांत. (सोळा आण्यांचा एक गुंठा. रुपयातून आणे गेले, कर्नाटकच्या शेतात अजून आहेत. तिकडची मराठी माणसंही पहाणीला 'उतारा'च म्हणतात.) हा फरक कॅल्क्युलेटरनं मिटतो. न मिटणारा फरक जुन्या फेरफारांत सापडतो. जमीन पूर्वी कुळाकडे असेल आणि आज कुळाच्या नावावर असेल, तर ती त्याची कधी झाली? अलीकडे बहुतेक कागद मागे मागे जात १ एप्रिल १९५७ ला पोचतात. पलीकडे १ मार्च १९७४ ला. मधे एक महिना कमी सतरा वर्षं.

सीमाभागाचा इतिहास आपण भाषेचा इतिहास म्हणून लिहिला, वाचला, मोर्च्यांत ऐकला. तो खरा आहेच. पण त्याच रेषेनं जमिनीच्या मालकीचं काय केलं, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही. वकिलांना आणि तलाठ्यांना ते पाठ असतं. बाकीच्यांना तेव्हाच कळतं, जेव्हा घरातलं कुणी वारतं आणि दोन राज्यांतल्या जमिनीवर वारस लावायची वेळ येते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. '१९५६ पर्यंत सगळं एक होतं, मग तोडलं' असं आपण सहज म्हणतो. कागल-निपाणीपुरतं ते खरं नाही. कागल कोल्हापूर संस्थानातली जहागीर. निपाणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे दूधगंगेच्या आसपास तेव्हाही सीमा होतीच आणि ती आजच्यापेक्षा कडक होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्याच्या नजरेत संस्थानांची न्यायालयं 'परदेशी न्यायालयं' होती. कोल्हापूर दरबारच्या न्यायालयाचा हुकूमनामा निपाणीत बजावायचा तर त्यासाठी वेगळी तरतूद लागायची. वकिलाची सनदही त्या त्या दरबारची किंवा त्या त्या कोर्टाची. दोन्हीकडे जमीन असलेल्या घराला दोन वकील आणि दोन दावे लागायचे.

रायबागचं याच्या अगदी उलट. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, म्हणजे इथला आणि तिथला शेतकरी एकाच दरबारला सारा भरत होता. आज ते बेळगाव जिल्ह्यात आहे. आणि चंदगड तिसऱ्याच तऱ्हेचं. ते बेळगाव जिल्ह्यात होतं, १९५६ मध्ये कोल्हापूरकडे आलं. त्यामुळे चंदगडच्या जमिनीचा जुना दस्त शोधताना वाट बेळगावला जाते आणि रायबागच्या जमिनीचा शोध संस्थानी काळात शिरला की वाट कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात येते. त्यात कागद मोडीत असला तर मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा लागतो. सध्याच्या नकाशावरून जमिनीचा इतिहास शोधायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी चुकीच्या कचेरीत जाऊन उभा राहतो.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कागल, निपाणी, रायबाग, चंदगड, सगळं पहिल्यांदा एका सरकारखाली आणि एका कायद्याखाली आलं. ही एकी टिकली सात वर्षं आणि आठ महिने. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि चंदगड वगळता बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला.

याच सात वर्षांत मुंबई राज्यात कूळकायदा आकार घेत होता. मूळ कायदा १९४८ चा, पण त्यात कुळाला संरक्षण होतं, आपोआप मालकी नव्हती. संरक्षण कागदावर किती आणि बांधावर किती, याची पाहणी गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी केली. १९५७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातून दिसलं, की कायदा असतानाही कुळांच्या हातून जमिनी सुटत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी सुटण्यांना कागदावर 'राजखुषीनं दिलेला राजीनामा' असं नाव होतं. ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि ज्याच्याकडून मुलीच्या लग्नाला उसने पैसे आणायचे, त्याच्यासमोर कूळ किती राजखुषीनं अंगठा उठवत असेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

मग मोठी दुरुस्ती झाली. ती १ ऑगस्ट १९५६ पासून अमलात आली. तिच्यातलं मुख्य वाक्य साधं होतं: १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनी, जो कूळ म्हणून जमीन कसत असेल त्यानं ती विकत घेतली असं मानलं जाईल. अर्ज करायची गरज नाही, मालकाच्या मर्जीची गरज नाही. किंमत नंतर शेतजमीन न्यायाधिकरण ठरवेल. साध्या कुळासाठी ती साऱ्याच्या वीसपट ते दोनशेपट, हप्त्यांनी. हीच ती '३२ ग ची चौकशी'. पैसे फिटले की मिळतं ते '३२ म चं प्रमाणपत्र'. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या लोखंडी पेट्यांत ते आहे. तुमच्याही असेल, आजीला विचारून बघा.

तारखा आता एका ओळीत ठेवा. दुरुस्ती अमलात आली १ ऑगस्टला. राज्य तुटलं १ नोव्हेंबरला. कृषक दिन पुढच्या १ एप्रिलला. निपाणीच्या कुळाला तो कायदा तीन महिने लागू होता आणि मालकी मिळायला पाच महिने उरले असताना त्याचं राज्य बदललं.

माझ्या धंद्यातला शब्द वापरायचा तर कोड 'फोर्क' झाला. पण फोर्क झाल्याक्षणी दोन्हीकडे कोड सारखाच असतो, आणि इथंही तसंच होतं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ नुसार भूभाग कुठल्याही राज्यात गेला तरी तिथे चालू असलेला कायदा सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत तसाच चालू राहतो. म्हणजे काहीच केलं नसतं तर १ एप्रिल १९५७ ला निपाणीचं कूळसुद्धा मालक झालं असतं. म्हैसूर राज्यात असूनही, मुंबईच्या कायद्यानं.

तसं झालं नाही, कारण काहीतरी केलं गेलं. म्हैसूर सरकारनं कृषक दिन उजाडायच्या आधीच मुंबई कायद्यातली कुळाला मालकी देणारी कलमं, ३२ पासूनची, बेळगाव भागापुरती स्थगित केली.

इथं 'कन्नड सरकारनं मराठी कुळांचा घास काढला' असं लिहिलं की टाळ्या मिळतात. पण बेळगाव, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांतली कन्नड कुळंही त्याच स्थगितीत अडकली. म्हैसूर सरकारचं कारण असं, की नव्या राज्यात पाच ठिकाणचे तुकडे आले होते: जुनं म्हैसूर, मुंबईचा भाग, हैदराबादचा भाग, मद्रासचा भाग आणि कुर्ग. पाच तऱ्हेचे कूळकायदे. ते एक करण्यासाठी १९५७ मध्येच समिती नेमली गेली. अध्यक्ष बी. डी. जत्ती. जत्ती जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचे आणि वकिली शिकले ते आपल्या कोल्हापुरात, साईक्स लॉ कॉलेजात, म्हणजे आजच्या शहाजी लॉ कॉलेजात. जमखंडी संस्थानात आणि मग मुंबई राज्यात त्यांनी मंत्रिपद सांभाळलं होतं. मुंबईचा कूळकायदा आतून माहीत असलेला माणूस म्हैसूरचा नवा कायदा सुचवत होता. पुढे ते म्हैसूरचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९६१ मध्ये, जमीन सुधारणा कायदा मंजूर झाला. तो अमलात यायला २ ऑक्टोबर १९६५ उजाडलं. त्यातही मालकाला जमीन परत मागायच्या वाटा होत्या. कुळाला खरी मालकी मिळाली ती देवराज अरसांच्या काळातल्या दुरुस्तीनं, १ मार्च १९७४ पासून.

कायदे एकसारखे करणं हे कारण मला खोटं वाटत नाही. पण सगळ्यांना समान करायचं म्हणून पुढे गेलेल्याला थांबवायचं, की मागे राहिलेल्याला पुढे आणायचं, हा प्रश्न उरतोच. थांबवलं गेलं ते कुळाला. आणि सतरा वर्षं फार असतात. त्या काळात कुळं मरतात, राजीनामे लिहिले जातात, एका कुळाची चार मुलं चार ठिकाणी जातात.

आमच्याच घरात हा फरक आहे. माझे आजोबा कागल भागातलं कूळ. आजीचं माहेर निपाणीकडचं आणि तिचा भाऊ, बाबांचा मामा, तोही कूळच. आजोबांचं ३२ ग चं काम साठच्या दशकात आटोपलं. त्यांनी त्या जमिनीवर विहीर पाडली, विहिरीवर कर्ज काढलं, त्यातून बाबा शिकले आणि आम्ही पेठेत राहायला आलो. मामाआजोबा तेव्हाही खंड भरत होते. त्यांच्या नावावर जमीन झाली १९८१ मध्ये. तोवर त्यांचा थोरला मुलगा शाळा सोडून विडीच्या वखारीत लागला होता. दोघं मेहुणे, दोघांची जमीन साधारण सारखीच. गंमत म्हणजे मामाआजोबांचे मालक कोल्हापूरचे होते, आमच्या आजच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. कूळ म्हैसुरात, मालक महाराष्ट्रात. आज आमच्या पिढीत दोन्ही घरांची पोरं एकमेकांच्या लग्नात नाचतात, पण शिक्षणातला फरक अजून दिसतो. तो सगळाच कूळकायद्यामुळे झाला असं म्हणणार नाही. बराचसा झाला असं म्हणतो.

१९७४ चा कायदा कडक होता, पण त्याची रीत वेगळी होती. मुंबईच्या कायद्यात कृषक दिनी मालकी आपोआप. कर्नाटकात कुळाकडची जमीन १ मार्च १९७४ ला सरकारजमा झाली आणि कुळानं 'फॉर्म ७' भरून ती मागायची. तालुक्याचं भू-न्यायमंडळ चौकशी करणार आणि मग 'फॉर्म १०' हे भोगवट्याचं प्रमाणपत्र देणार. फॉर्म भरायची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. ज्यानं भरलाच नाही त्याचं कुळपण तिथंच संपलं.

आणि या न्यायमंडळासमोर वकिलाला उभं राहायला कायद्यानंच मनाई होती. हेतू वाईट नव्हता. मालक मोठा वकील लावणार, कूळ एकटं पडणार, त्यापेक्षा दोघांनाही वकील नको. पण शेतकऱ्याला न्यायमंडळासमोर सिद्ध काय करायचं होतं? की १९७४ पूर्वी तो कूळ होता. पुरावा काय? जुन्या पहाणीतल्या नोंदी, खंडाच्या पावत्या. पावती देणारा मालक किती आणि ती जपणारं कूळ किती? अशा प्रकरणात कुठला कागद कुठून आणायचा हे सांगणारा माणूसच बाहेर ठेवला होता. त्यातून निकाल विरुद्ध गेला तर सुरुवातीच्या वर्षांत अपीलच नव्हतं, फक्त उच्च न्यायालयात रिट. निपाणीहून बेंगळुरू पाचशे किलोमीटरच्या पुढं. तिथे मात्र वकील चालायचा, लागायचाच. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ मध्ये न्यायालयानं जमीन सुधारणेची दुरुस्ती उचलून धरली, पण वकिलांना मनाई करणारं पोटकलम टिकवलं नाही. तोवर फॉर्म ७ ची मुदत संपून आठ वर्षं झाली होती.

महाराष्ट्रात सगळं गोड झालं असंही नाही. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कृषक दिन त्या जमिनीपुरता पुढे ढकलला गेला. ढकललेला दिवस आला की कुळानं वर्षभरात नोटीस द्यायची. मालकीण वारली कधी, वर्ष मोजायचं कधीपासून, हे न कळल्यानं जमीन गेल्याची प्रकरणं महाराष्ट्राच्या महसूल न्यायाधिकरणात रीतसर सापडतात. सवलत ज्यांना दिली त्यांनाही तिची गरज होतीच. १९४८ च्या जाळपोळीनंतर गाव सोडून शहरात आलेली आणि वर्षाच्या खंडावर चूल पेटवणारी विधवा ही काही जुलमी जमीनदारीण नव्हे. पलीकडच्या १९७४ च्या कायद्यानं मात्र सूट ठेवली ती मुख्यतः सैनिकांना आणि खलाशांना. म्हणजे एकाच विधवेची कागलची जमीन तिच्याकडे राहू शकत होती आणि निपाणीची जात होती.

देवस्थानची जमीन तर अलीकडेही कुळाच्या नावावर झाली नाही. धार्मिक न्यासाच्या जमिनींना मालकीच्या कलमांतून वगळलं गेलं. आमच्या पेठेतून अंबाबाईचं देऊळ चालत दहा मिनिटं. कोल्हापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या देवाची जमीन कसणारी माणसं आहेत. ती १९५७ मध्ये मालक झाली नाहीत, अजूनही नाहीत. कसेल त्याची जमीन, पण देवाची सोडून.

वतनांचंही तसंच. महारवतनासारखी गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यानं १९५८ मध्ये केला. बेळगाव तोवर गेलेलं. तिथे तसा कायदा १९६१ चा, अंमल १९६३ पासून. पुढे १९७८ मध्ये कर्नाटकानं अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या जमिनींच्या विक्रीवर आणखी एक कायदा आणला. अटी मोडून आधी झालेली खरेदीसुद्धा त्यात रद्द होऊ शकते. निपाणीत स्वस्तात प्लॉट बघणाऱ्या मित्रांना मी एवढंच सांगतो, की तिकडच्या जमिनीचा इतिहास तिकडच्याच वकिलाकडून काढून घ्या. वकिलाची सनद आता देशभर चालते, त्या अर्थाचं कलम २०११ पासून अमलात आहे. पण कोल्हापूरच्या वकिलाला ३२ ग झोपेत कळतं आणि फॉर्म ७ वाचायला तो माणूस शोधतो. चिकोडीच्या वकिलाचं याच्या उलट. चांगले वकील हे कबूल करतात.

खरेदीचा विषय निघालाच आहे तर एक तारीख अजून. १९७४ च्या त्याच दुरुस्तीनं कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला बंदी केली आणि शेतीबाहेरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेपुढे असेल त्यालाही. ती मर्यादा १९९५ मध्ये दोन लाख झाली, २०१५ मध्ये पंचवीस लाख. म्हणजे २०१५ पूर्वी माझ्यासारखा पगारदार, घरात शेती असूनही, निपाणीत गुंठाभर शेतजमीन घेऊ शकला नसता. २०२० मध्ये ही कलमं काढून टाकली आणि काढली तीही १ मार्च १९७४ पासून, म्हणजे ती कधी नव्हतीच असं मानून. शेहेचाळीस वर्षं लोकांनी ज्या कलमांच्या भीतीनं दुसऱ्याच्या नावावर जमिनी घेतल्या, ती कलमं एका दुरुस्तीत मुळापासून नाहीशी झाली. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यावरची बंदी अजून आहे.

राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीत थांबतो, असं आपण शिकतो. सरकारला हवं तेव्हा तो पलीकडे डोकावतोही. गुजरातनं कमाल जमीनधारणा मोजताना दुसऱ्या राज्यातली जमीनही हिशेबात धरली. महाराष्ट्रात जमीन असलेल्या एका कुटुंबानं त्याला आव्हान दिलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातची बाजू मान्य केली: गुजरात महाराष्ट्रातल्या जमिनीला हात लावत नाही, तिथली फक्त मोजून इथली कापतो. मला हा युक्तिवाद कायद्यानं बरोबर आणि थोडासा बनेल वाटतो.

सीमेवरच्या घरांत जमीन दोन्हीकडे असते याचं मोठं कारण लग्नं. कागलची मुलगी निपाणीत, निपाणीची कोल्हापुरात. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं वाटा देणारी दुरुस्ती दोन्ही राज्यांनी १९९४ मध्येच केली: महाराष्ट्रानं २२ जूनपासून, कर्नाटकानं ३० जुलैपासून. दोन्हीकडे अट अशी, की त्या दिवसाआधी तिचं लग्न झालेलं नसावं. मधले अडतीस दिवस. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही अट गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वडील हयात असण्याचीही अट नाही असं सांगितलं. पण वाटणी त्याआधीच रीतसर झाली असेल तर ती उकरता येत नाही.

आणि वाटणी टळते ती हक्कसोडपत्रानं. पलीकडच्या जमिनीचा दस्त बहुतेक वेळा कन्नडमध्ये, सही करायला कोल्हापुरातून गेलेल्या आत्या-मावश्या, त्यांना कन्नडचं अक्षर येत नाही. नोंदणी कायद्याचं कलम १९ यासाठी वाचण्यासारखं आहे. दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला कळत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरात नसेल, तर भाषांतर जोडल्याशिवाय तो नोंदवता येत नाही. अधिकाऱ्याला कळावं याची सोय १९०८ पासून आहे. सही करणारीला कळावं याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. भाषांतरावर दोन हजार रुपये कशाला घालवायचे, असं भाऊच म्हणतो. घरातल्या पोरांनी अशा वेळी निदान फोन काढावा. गूगल लेन्स कन्नड दस्ताचं मराठी करतं, आडनावांचंही भाषांतर करून टाकतं, पण 'सोडले' आणि 'विकले' यांतला फरक त्यातून कळतो.

भांडण कोर्टात गेलंच तर १९४९ पूर्वीच्या मानानं आज सोपं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ सांगतं, की मिळकत वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दीत असेल तर त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणी दावा चालतो, आणि दोन वेगळी राज्यं असली तरी अडत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात स्पष्ट केलं, की दाव्याचं कारण एकच हवं. तेव्हा कागल आणि निपाणीच्या जमिनीच्या वाटपाचा एकच दावा कोल्हापुरात लागू शकतो. मात्र निकालानंतर पलीकडची जमीन मोजून सरी-बांध घालायचा तो तिकडच्या यंत्रणेनं, तिकडच्या नोंदीत. आणि दोन राज्यांच्या दोन संगणकी नोंदींत एकाच माणसाला जोडणारं काही नाही. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पानं २००२ च्या सुमारास सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. पण भूमीत माझ्या आजीचं नाव कन्नड उच्चारानं एक आहे आणि महाभूलेखवर दुसरं. सॉफ्टवेअरला त्या दोन बायका वाटतात. त्या दोघी एकच आहेत हे अजून प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं.

वरच्या कोर्टाची वाट मात्र दोन्हीकडे आखूड झाली. २००८ मध्ये धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि निपाणीकरांचं बेंगळुरू सुटलं. कोल्हापूरच्या वकिलांनी आणि लोकांनी काही दशकं आंदोलन केल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. या बाबतीत सतरा वर्षांनी पुढे निपाणी होती.

राहिला सीमावाद. महाराष्ट्रानं २००४ मध्ये लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. समजा उद्या तो निकाली निघाला आणि निपाणी महाराष्ट्रात आली. मामाआजोबांच्या नातवाला वाटतं, की दुसऱ्या दिवशी त्याला सातबारा मिळेल. मिळणार नाही. १९५६ मध्ये जी रीत होती, तीच पुन्हा लागेल असं धरलं तर गाव महाराष्ट्रात येईल आणि गावातला जमिनीचा कायदा कर्नाटकाचाच राहील, विधिमंडळ तो बदलेपर्यंत. त्याचा फॉर्म १० तसाच राहील, १ मार्च १९७४ ही तारीखही तशीच राहील. पहाणी तेवढी कुणीतरी मराठीत उतरवून काढेल आणि त्यात आडनाव कसं लिहिलं जाईल, यावरून पुन्हा एक प्रतिज्ञापत्र करावं लागेल.